बँकॉक: आई शाकाहारी, मावशी मालवणची. पाच दिवसांत काय पाहावं, काय खावं?

रिकामटेकडी | ६ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आई (६७) आणि मावशी (६३) यांना घेऊन बँकॉकला चाललेय. पाच रात्री. दोघींचा पहिलाच परदेश प्रवास. ऑफिसात रजा टाकली तेव्हा "बँकॉक का?" म्हणून तिघांनी डोळे मिचकावले, "आईबरोबर" म्हटल्यावर तिघांचेही चेहरे पडले. असो.

अडचण अशी की आई कट्टर शाकाहारी आहे, तिला अंडंही चालत नाही. मावशी मालवणात दिलेली, दोन दिवस मासे मिळाले नाहीत तर स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली जातात. मी मधली, काहीही खाते. आईचा डावा गुडघा कुरकुर करतो. टूर कंपनीबरोबर जायचं नाही, कारण मागच्या वेळी केरळात आम्ही देवळांपेक्षा मसाल्याची दुकानंच जास्त पाहिली.

काय पाहावं, काय टाळावं, आईने काय खावं? आणि पट्टाया सुचवू नये, आधीच सांगते.

---

तिरसट_काका | ६ एप्रिल, रात्री १०:४०

पट्टायाला जा.

---

भटका_गणोजी | ६ एप्रिल, रात्री ११:०५

काकांकडे दुर्लक्ष करा. मी दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा स्वतःच आखून. जमेल तसं लिहितो.

व्हिसा: भारतीयांना पर्यटनासाठी लागतो का आणि किती दिवस राहता येतं ते अधूनमधून बदलतं. तिकीट काढताना थाई दूतावासाच्या साइटवर एकदा बघून घ्या. मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी समजा.

पैसे: एक बाथ म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये. तिथल्या एटीएमला परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेच्या वर बाथ शुल्क पडतं, त्यामुळे थोडेथोडे काढत बसू नका.

मुंबईहून सव्वाचार-साडेचार तास. घड्याळ दीड तास पुढे. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी (तिथे उच्चार 'सुवन्नफूम'). आत गेल्यावर समुद्रमंथनाचा भलामोठा देखावा आहे, वासुकीला एका बाजूने देव आणि दुसऱ्या बाजूने असुर ओढतायत. तो निघताना लागतो, येताना नाही. तेव्हा परतीला अर्धा तास हाताशी ठेवा, आई खूश होतील.

शहरात यायला एअरपोर्ट रेल लिंक, फाया थाईपर्यंत ४५ बाथ. सामान जास्त असेल तर मीटरची टॅक्सी. मीटर ३५ पासून सुरू होतो. टॅक्सीवाला "नो मीटर" म्हणाला तर दार बंद करून पुढची बघायची.

---

सातासमुद्री | ७ एप्रिल, सकाळी ७:२०

मी इथे नऊ वर्षं राहतेय, म्हणून दोन शब्द जास्त लिहिते.

आधी हॉटेलबद्दल. "स्टेशनपासून पाच मिनिटं" या वाक्यावर विश्वास ठेवू नका, नकाशावर मोजा. इथे मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला सोय म्हणतात. सुखुमवित या मोठ्या रस्त्याला विषम आकडे एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला. त्यातही समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत: सोय २१ च्या जवळपास समोर सोय १६ येते, पुढे गेलं की हा फरक वाढतच जातो. या सोया कधीकधी किलोमीटरभर आत जातात आणि मेच्या उन्हात तो किलोमीटर तीन वाटतो.

आता आईंच्या जेवणाबद्दल, कारण सगळे इथेच अडतात. "व्हेज" म्हटलं की समोरचा हसून मान डोलावतो आणि मांसाचे तुकडे काढून तोच पदार्थ देतो, आतलं माशाचं पाणी तसंच. नाम प्ला म्हणजे शब्दशः माशाचं पाणी, इथे ते मिठाच्या जागी वापरतात. सॅलडपासून सूपपर्यंत सगळ्यात. म्हणून 'व्हेज' विसरा, "जे" म्हणा. पिवळ्या कापडावर लाल अक्षर, ते इंग्रजी सतरासारखं दिसतं. अशी पताका किंवा पाटी दिसली की डोळे मिटून आत जा. जे म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध काही नाहीच, शिवाय कांदा-लसूणही नाही. म्हणजे आपल्या चातुर्मासापेक्षाही कडक. चिनी महिन्याप्रमाणे ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस 'जे'चा उत्सव असतो, तेव्हा यावरात (इथलं चायनाटाउन) पिवळं होऊन जातं.

दुसरा शब्द "मंगसविरत". जरा सावकाश म्हणून बघा: मांस-विरती! यात अंडं-दूध चालतं, म्हणून आईंसाठी जे-च बरं.

कागदावर देवनागरीत लिहून घ्या: "किन जे" (जे खाते), "मै साइ नाम प्ला" (माशाचं पाणी घालू नका), "मै साइ खाय" (अंडं नको), "मै साइ नाम मन होय" (कालवांचं सॉस नको). शेवटी बाईने "खा" म्हणायचं, पुरुषाने "खाप". नुसतं "खा" ऐकून मावशी कुणाला तरी जेवायला बोलावतायत असं वाटेल, पण तसं नाहीये.

---

कच्चा_लिंबू | ७ एप्रिल, सकाळी ९:०२

मांस-विरती!! कालपासूनची झोप उडाली. +१

---

खमंग_काकडी | ७ एप्रिल, दुपारी १२:३३

काही नाही जमलं तर दोन हुकमी ठिकाणं. एक, फाहुरात. चायनाटाउनला लागून कापडबाजार आहे. तिथल्या सोनेरी घुमटाच्या गुरुद्वारात लंगर असतो आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत समोसे, जिलबी, पंजाबी थाळ्या. दोन, सिलोम रस्त्यावरचं मारिअम्मन मंदिर, एकोणिसाव्या शतकात तमिळ लोकांनी बांधलेलं. थाई लोक त्याला 'वात खेक' म्हणतात ('वात' म्हणजे देऊळ). बाहेर झेंडूच्या माळा, आत गणपती, आणि हात जोडणाऱ्यांत निम्म्याहून जास्त थाई. आसपास दक्षिण भारतीय जेवण मिळतं.

अवांतर: गणपतीला तिथे 'फ्रा फिखनेत' म्हणतात, म्हणजे विघ्नेश. कलांची देवता मानतात. त्यांच्या ललितकला खात्याच्या चिन्हावरच गणपती आहे.

---

तिरसट_काका | ७ एप्रिल, दुपारी १:१०

परदेशात जाऊन समोसे खायचे आणि गणपती बघायचे तर दादरला काय वाईट आहे?

---

सातासमुद्री | ७ एप्रिल, दुपारी १:३१

काका, दादरला ट्रॅफिक कमी आहे हे मान्य.

---

भटका_गणोजी | ७ एप्रिल, रात्री ९:४८

माझ्या हिशोबाने हे शहर नदीतून बघायचं. रस्त्याने बघायला गेलात तर समोरच्या गाडीची नंबरप्लेट तेवढी पाठ होते.

साथोर्न धक्का (बीटीएस या उन्नत रेल्वेचं साफान तक्सिन स्टेशन) इथून चाओ फ्रायाची नारिंगी झेंड्याची बोट धरा. १६ बाथ, कुठेही उतरा. तिथेच दुप्पट-तिप्पट पैशांत 'टुरिस्ट बोट' विकणारे काउंटर पुढे येतात. रांग चुकवू नका. 'था चांग' धक्क्याला उतरलात की राजवाडा, था तिएनला वात फो, आणि था तिएनहून पाच बाथांच्या तरीने समोरच्या तीरावर वात अरुण. सकाळी साडेआठला राजवाडा उघडतो, आठला रांगेत राहा. ५०० बाथ तिकीट आहे, महाग आहे, पण टाळू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडीला कुणी काही म्हणत नाही.

महत्त्वाचं: फाटकाच्या आसपास एखादा नीटनेटका, इस्त्रीच्या शर्टातला माणूस येऊन सांगेल की राजवाडा आज बंद आहे, पूजा आहे, एक वाजता उघडेल. तोवर वीस बाथांत टुकटुकने तीन देवळं दाखवतो म्हणेल. त्या तीन देवळांच्या मधे एक रत्नांचं दुकान असतं. राजवाडा सहसा बंद नसतो.

दुसरी बोट म्हणजे साएन साएप कालव्याची. ती नदीसारखी शांत नाही. लोकांच्या घरांच्या मागच्या अंगाने, वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाजूने भरधाव जाते. पाण्याचा फवारा आला की प्रवासी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करतात, आणि हेल्मेट घातलेली कंडक्टर बाई बाहेरच्या कडेवरून चालत तिकिटं फाडते. गुडघ्याला मात्र जपा, बोट धक्क्याला टेकते न टेकते तोच सुटते.

---

कोकणकडा_७७ | ८ एप्रिल, सकाळी १०:१५

मे म्हणजे फळं! नशीबवान आहात. चातुचाक बाजार (शनिवार-रविवार, पंधरा हजारांवर गाळे, हरवायचं ठरवूनच जा) आणि त्याच्या समोर ओर तोर कोर. चातुचाकमध्ये खरेदी, ओर तोर कोरमध्ये खाणं.

मँगोस्टीन खाच. आपल्या कोकमाचा सख्खा चुलत भाऊ, दोन्ही गार्सिनिया कुळातले. साल जांभळी, आणि रातांब्यासारखीच कपड्याला लागली की जात नाही. फळ उलटं करा. बुडाला एक छोटं फूल असतं. त्याच्या पाकळ्या मोजा, आत तेवढ्याच फोडी निघतात. कधी चुकत नाही.

आंबा 'नाम दोक माई' जातीचा, चिकट भात आणि नारळाच्या रसाबरोबर देतात. भात छान. आंबा गोड आहे, रेषाही नाहीत. पण रत्नागिरीच्या माणसाने त्यावर याहून जास्त बोलू नये.

---

कच्चा_लिंबू | ८ एप्रिल, सकाळी १०:२२

आला, हापूस आला. वाटच बघत होतो.

---

अर्धा_कप | ८ एप्रिल, रात्री ८:१९

तरंगता बाजार? दमनेन सादुआकला गेलो होतो. शंभर किलोमीटर गाडीत, मग बोटींची रांग, सगळ्या बोटींत तेच हत्तीचे पायजमे. त्यापेक्षा शनिवार-रविवारी शहरातच तालिंग चान किंवा ख्लोंग लात मायोम. तिथे थाई कुटुंबंच जेवायला येतात.

मेक्लाँगचा रेल्वे बाजार मात्र गमतीचा आहे. रुळांवर भाज्या मांडलेल्या असतात, गाडी आली की छपरं गुंडाळतात, गाडी गेली की परत पसरतात. पण ठाण्याच्या माणसाला त्याचं फार कौतुक वाटू नये.

---

रिकामटेकडी | ८ एप्रिल, रात्री ११:५०

सगळ्यांचे खूप आभार. छापून घेतलंय. मावशीने प्रिंटआउट वाचून विचारलं, "कालवां मिळतत तर?" मिळतात ना?

---

सातासमुद्री | ९ एप्रिल, सकाळी ६:५५

भरपूर. संध्याकाळी यावरात रस्त्याला न्या. मेट्रोचं वात मांगकोन स्टेशन. "होय तोत" म्हणजे कालवांचं कुरकुरीत धिरडं. सोमवारी जाऊ नका, बरेचसे गाडे बंद असतात.

---

रिकामटेकडी | २५ मे, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. येऊन आठवडा झाला. वृत्तांत लिहायला बसले तर आई शेजारी येऊन "माझं चुकीचं लिहू नकोस" म्हणून बसली आहे. तेव्हा जपून.

हॉटेलपासून सुरुवात. सातासमुद्री यांनी सांगूनही मी मोजलं नाही. जाहिरातीतली पाच मिनिटं मोटरसायकलची निघाली. सोयच्या तोंडाशी नारिंगी जाकिटवाले मोटरसायकल-टॅक्सीवाले बसलेले असतात. मी आईसाठी रिक्षासारखं काही शोधत होते, तेवढ्यात मावशी पदर खोचून एकाच्या मागे बसलीसुद्धा. सोळा वर्षांची असताना मामाच्या राजदूतवर बसली होती, त्यानंतर आत्ताच. आई दुसऱ्या दिवसापासून तयार झाली. मी पाचही दिवस चालत गेले. तीन किलो वजन कमी झालं.

राजवाडा. आठला रांगेत. आणि फाटकापासून पन्नास पावलांवर खरोखर इस्त्रीचा शर्ट! "क्लोज्ड टुडे, मॅडम, बुद्धिस्ट डे." मला हे सगळं माहीत होतं, तरी त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून मी थबकले. मावशी म्हणाली, "बंद आसा तर ह्यो लोक खंय चल्लो?" आणि त्याच्या पाठीमागून आत जाणाऱ्या तीनशे माणसांकडे बोट दाखवलं. तो हसला. आम्हीही.

राजवाड्याच्या आवारातल्या वात फ्रा केओच्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलंय, रामकियेन. १७८ चित्रं, चारही बाजूंच्या ओवऱ्यांत. आई दोन तास तिथून हलेना. ओवरीत सावली होती आणि बसायला कट्टे, हे गुडघ्यामुळे सांगते. रावण तिथे थोत्सकान, म्हणजे दशकंठ, हे तिचं तिने ओळखलं. पांढरा हनुमानही ओळखला. मग एका चित्रात हनुमान एका जलपरीबरोबर जरा जवळच बसलेला. मी फोनवर शोधून सांगितलं: ही सुवन्नमच्छा, सुवर्णमत्स्या, रावणाची मुलगी. सेतूचे दगड पळवायला आलेली, मग दोघांचं जमलं, मुलगाही झाला. आई गप्प. बाहेर येईस्तोवर गप्प. बोटीत बसल्यावर म्हणाली, "आपला मारुती असा नाही." मग वात अरुण येईपर्यंत परत गप्प, आणि तिथे उतरताना, "पण त्यांचा आहे तर आहे."

तिथला पाचूचा बुद्ध पाचूचा नाही, हिरव्या जेडचा आहे म्हणतात. मूर्ती जेमतेम दोन फुटांच्या वर. वर्षातून तीनदा राजा स्वतः तिची वस्त्रं बदलतो: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. आईला हे एकदम पटलं. घरच्या बाळकृष्णाला ती थंडीत स्वेटर घालते.

वात फो. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब. फोटोत मावत नाही, खांबांच्या मधून तुकड्या-तुकड्यांनी दिसतो. आधी चेहरा, मग बराच वेळ नुसतं सोनं, मग तळपाय, त्यावर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं. पाठीमागच्या बाजूला भिंतीलगत काशाची १०८ भांडी ओळीने ठेवलीत. वीस बाथ देऊन बारीक नाण्यांची वाटी घ्यायची आणि प्रत्येक भांड्यात एक टाकत जायचं. आत सतत टिण् टिण् टिण् चालू असतं. आईने जपासारखं मोजत टाकली. शेवटच्या भांड्यापाशी पोचली तेव्हा वाटीत चार नाणी उरली होती. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी चुकले की त्यांनी जास्त दिली?" मावशी म्हणाली, दुकानदार जास्त देतो का कधी? आई परत पहिल्या भांड्यापासून निघाली. बरोबर, दुसरी वाटी घेऊन. या वेळी सहा कमी पडली. मग कुठे शांत झाली.

तिथेच मसाज शिकवतात, थाई मसाजची जुनी शाळा आहे. आईने नको म्हटलं, मावशीने तासभर करून घेतला आणि बाहेर येऊन सांगितलं की बाईने तिला "पोळपाटावरच्या भाकरीसारखी" थापटली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या साध्या दुकानात पायांचा मसाज तीनशे बाथांत झाला. आईने तोही नको म्हटलं होतं, पण तिथे ती घोरली.

आता खाणं.

'जे'ची पताका पहिल्या दिवशी एकही दिसली नाही, दुसऱ्या दिवसापासून दर कोपऱ्यावर. डोळा बसावा लागतो. एका छोट्या खानावळीत काचेमागे दहा-बारा भाज्या, बोट दाखवायचं, भातावर दोन भाज्या साठ बाथ. सोयाचं "मांस" इतकं हुबेहूब होतं की आईने उठून आत जाऊन खात्री करून घेतली. आतल्या आजीने हात जोडून "जे, जे" म्हटलं. आईनेही हात जोडले. दोघी एकमेकींना नमस्कार करत राहिल्या, आधी कोण थांबणार हे ठरेना.

मावशीचा वेगळाच प्रवास. तिला पाद क्राफाओ हवं होतं, कारण फोटो छान होता. आलं, तिने एक घास घेतला आणि पान उचलून वास घेतला. "ही तुळस." खरंच तुळस. आपल्या वृंदावनातलीच जात, मिरची-लसणीबरोबर कोंबडीच्या खिम्यात परतलेली. मालवणची बाई, पण इथे तिचाही हात थांबला. दोन मिनिटं. मग, "देवाक दाखवूक नाय म्हणजे झाला," म्हणून ताट साफ. आईला अजून सांगितलेलं नाही. (आई आत्ता वाचतेय. आता सांगितलं.)

ओर तोर कोर बाजारात सुक्या कोळंबीचे, जवळ्याचे ढीग पाहून मावशी हरखली. कापी नावाचा कोळंबीचा जांभळट गोळा हुंगून "आमचो जवळो ह्यांनी कुसवलो" असा निकाल दिला, आणि पाव किलो घेतला. माझ्या बॅगेतल्या चार कुडत्यांना अजून वास आहे.

मँगोस्टीनच्या पाकळ्या मोजल्या, सात फळं, सातही बरोबर. कोकणकडा, मानलं. दुरियान (उग्र वासाचं फळ): हॉटेलच्या दारावरच त्याच्यावर फुली मारलेलं चित्र होतं, म्हणून बाजारातच खाल्लं. आई लांब उभी राहिली. मला वासापलीकडे जाता आलं नाही. मावशीच्या मते बरका फणस जास्त पिकून त्यात कुणीतरी कांदा चिरला तर असं लागेल, आणि तिला ते वाईट वाटलं नाही.

सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं तर चातुचाकच्या बाहेरची एक बाई. तिच्यापुढे बिडाचा मोठा तवा, त्यात पंचवीस-तीस खळगे. आई आणि मावशी एकदम ओरडल्या, "आप्पेपात्र!" खनोम क्रोक. तांदळाचं पातळ पीठ ओतायचं, कडा धरल्या की वरून घट्ट नारळाचं दूध, झाकण. झाकण काढल्यावर ती चमच्याने एक अर्धं सोडवते, दुसऱ्या अर्ध्यावर उपडं टाकते, आणि गोल तयार. खाली कुरकुरीत, आत अजून थरथरतं, गोड-खारट. इतकं गरम की जीभ भाजतेच, ते वेगळं सांगायला नको. आईने 'जे' का म्हणून विचारलं, तिने कांद्याची पात नसलेले वेगळे काढून दिले. आम्ही तीन वेळा रांगेत उभ्या राहिलो.

कालव्याच्या बोटीत आईला बसवलं नाही. लुम्फिनी बागेत मगरीएवढ्या घोरपडी आरामात फिरतात, ते मावशीला आवडलं नाही. संध्याकाळी सहाला भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं आणि धावणारे, सायकलवाले, व्यायाम करणारे जागच्या जागी थांबले. एक घोरपड तेवढी चालत राहिली.

अयोध्या, म्हणजे त्यांची जुनी राजधानी अयुथ्थया, राहून गेलं. पाऊस आला. पट्टायाला गेलो नाही, काका.

---

तिरसट_काका | २५ मे, रात्री १०:०४

चांगलं लिहिलंय. मावशींना नमस्कार सांगा.

---

कोकणकडा_७७ | २५ मे, रात्री १०:३०

आंब्याबद्दल एक शब्द नाही?

---

रिकामटेकडी | २५ मे, रात्री १०:४१

आईने सांगितलंय, रत्नागिरीकरांशी वाद घालायचा नाही. (भाताबरोबर रोज खाल्ला. रोज.)

---

सातासमुद्री | २६ मे, सकाळी ७:०५

अयुथ्थया पुढच्या वेळी नक्की. आगगाडीने जा, तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाथांच्या आसपास, दीड-दोन तास. आणि "आगगाडी" मुद्दाम म्हणतेय. थाईत गाडीला 'रोत' म्हणतात, तो आपला रथ. आगीला 'फाय'. रेल्वे म्हणजे 'रोत-फाय'. शब्दशः आगगाडी! टेलिफोनला 'थोरसप', तो दूर-शब्द. खानावळीवर 'आहान' लिहिलेलं असतं, तो आहार. नमस्काराचं 'सवातदी' म्हणजे स्वस्ति. नऊ वर्षं झाली, अजून महिन्यातून एखादा शब्द असा भेटतो.

अयुथ्थया १३५१ ते १७६७ राजधानी होती, मग ब्रह्मी सैन्याने जाळली. पिंपळाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं शिर तिथलंच, वात महाथातमध्ये. फोटो काढताना त्याच्यापेक्षा उंच उभं राहायचं नाही, खाली बसायचं. रखवालदार सांगतो.

आणि जमलं तर नोव्हेंबरात या. लोय क्राथोंग. केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं-दिवा ठेवून नदीत सोडतात. बाराव्या चांद्रमासाची पौर्णिमा, बहुतेक आपल्या त्रिपुरीलाच येते.

---

खमंग_काकडी | २६ मे, दुपारी २:१८

खनोम क्रोकची कृती मिळाली का? घरच्या आप्पेपात्रात होईल का?

---

रिकामटेकडी | २८ मे, रात्री ८:५२

मावशीने मालवणहून फोन करून सांगितलेली कृती लिहिते, प्रयोग चालू आहेत. तांदळाचं पीठ एक वाटी, त्यात दोन चमचे शिजलेला भात वाटून, पातळ नारळाचं दूध, चिमूट मीठ. वरून घालायला वेगळ्या भांड्यात घट्ट दूध, साखर आणि थोडं जास्त मीठ. पहिला घाणा पूर्ण चिकटला. नॉनस्टिकमध्ये निघतात, पण खालून कुरकुरीत होत नाहीत. बिडाचं पात्र असेल तर तेच घ्या, आधी चांगलं तापवा, आणि वरचं दूध घातल्यावर झाकण दोन मिनिटांच्या आत काढू नका. आईने वरून वेलची घातली. मावशीला कळवलेलं नाही.